चिंचेखालची राखण

छबूबाईला कॉलनीत कुणी पत्ता विचारला, तर ती क्वार्टरचा नंबर कधीच सांगायची नाही. ‘‘करंजाच्या रस्त्यानं सरळ जावा, आमचं खळं हुतं तिथनं डाव्या हाताला वळा,’’ असं सांगायची. विचारणारा बिचारा कालपरवा सोलापूर नाहीतर रत्नागिरीकडून आलेला. त्याला कुठलं खळं दिसणार? तो मान डोलवायचा आणि पुढं जाऊन दुसऱ्याला विचारायचा. पण छबूबाईचं काही खोटं नव्हतं. चिंचवडच्या शिवेवरची जमीन कारखान्यानं घेतली, तिच्यात साडेतीन एकर तिच्या घरचे होते. त्या साडेतीन एकरांवर आता चार रस्ते, बत्तीस क्वार्टरं आणि शाळेचं पटांगण झालं होतं. चोपन्न साली जमीन गेली आणि छप्पन्न साली छबूबाई त्याच जमिनीवर झाडांना पाणी घालायला रोजावर लागली.

गावातल्या बायका हळहळायच्या. ‘‘बाई बाई, मालकीण हुतीस, आता झारी धरून फिरतीस.’’ छबूबाई म्हणायची, ‘‘फिरती तर फिरती. माझ्याच रानात फिरती न्हवं?’’ अशी फटकन बोलायची आणि बोलणारीचं तोंड बंद करायची. हे काम तिनं आपणहून मागून घेतलं होतं, आणि त्याला कारण होतं तिचा नवरा मारुतराव.

पंचावन्न सालच्या पावसाळ्यात मारुतरावाला विषमज्वर झाला. एकवीस दिवस माणूस अंथरुणाला खिळला. त्यातून उठला, पुढं अंगावर मांसही चढलं, पण डोक्यातली शेवटची दोन-चार वर्षं साफ पुसली गेली. आईचं नाव आठवायचं, पहिल्या बैलजोडीच्या खोडी आठवायच्या, लग्नात कोण रुसलं होतं तेही आठवायचं. जमीन गेली एवढंच तेवढं आठवायचं नाही. सकाळी उठला की भाकरी खायचा, घोंगडी खांद्यावर टाकायचा आणि निघायचा रानात.

छबूबाईनं त्याला सांगून पाहिलं. ‘‘आवं, रान गेलं आपलं. कारखान्यानं घेतलं. तुमीच अंगठा उठवलाय.’’ मारुतराव तिच्याकडं बघत राहिला आणि मग लहान लेकरासारखा हमसून हमसून रडला. दुपारी विसरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घोंगडी खांद्यावर. तिनं पुन्हा सांगितलं, तो पुन्हा तसाच रडला, जसं काही पहिल्यांदाच ऐकतोय. तिसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा मात्र छबूबाईनं कानाला खडा लावला. एकाच माणसाला एकच मरण रोज रोज कसं दाखवायचं? एकदा घरात कोंडून बघितलं, तर त्यानं दारावर डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं.

नशीब म्हणायचं ते एवढंच, की रानातली चिंच शाबूत होती. बांधावरची जुनी चिंच, दोघांच्या कवेत न मावणारी. कॉलनीची झाडं लावायला कोल्हापूरकडचे हिंदुराव नावाचे बागेचे साहेब आले होते. मोठा झाडवेडा माणूस! बुलडोझर सगळं सपाट करत आला, तेव्हा त्यांनी चिंचेभोवती चुन्याचं रिंगण मारून ठेवलं आणि ठेकेदाराला बजावलं, ‘‘ह्या रिंगणात चाक आलं तर माझ्याशी गाठ आहे.’’ म्हणून ती वाचली.

मारुतराव गावातून निघायचा, नवे रस्ते ओलांडायचा. विजेचे खांब, लाल कौलं, दारातल्या सायकली, यातलं काही त्याच्या नजरेला पडतच नव्हतं. लांबून चिंचेचा शेंडा दिसला की पाय त्या दिशेनं चालायचे. बुंध्याला पाठ लावून बसायचा आणि शाळेच्या पटांगणाकडं तोंड करून दिवसभर राखण करायचा. मधूनच पाखरं हाकलायचा. खडे वेचून त्यांची सरळ रांग लावायचा. संध्याकाळी छबूबाई झारी ठेवून आली की तिच्याकडं बघून हसायचा. ‘‘आलीस व्हय? घे, कालवणाला.’’ मग पंचाची गाठ सोडायचा. गाठीत हंगामाप्रमाणं कधी कोवळा पाला, कधी चिंचा, आणि काहीच नसलं तर नुसते चिंचोके. छबूबाई ते पदरात घ्यायची आणि दोघं घरी जायची.

म्हणजे बघा, साऱ्या जगात मारुतरावाच्या डोक्यात खूण उरली होती ती एवढी एकच. ती चिंच आहे तोवर माणूस सापडतो, ती गेली की माणूस गेला. हे छबूबाईला कुणी शिकवायला नको होतं. आणि तो झाडाखाली बसलेला असायचा म्हणूनच तिचे हात मोकळे राहायचे आणि चूल पेटायची.

ते दिवस वाईट नव्हते. खरं तर चांगलेच होते. हिंदुरावांनी दर रस्त्याला एकेक जात वाटून दिली होती. एक करंजाचा, एक शिरीषाचा, एक गुलमोहराचा, आणि साहेब लोकांच्या बंगल्यांपुढं बकुळ. पाण्याला हयगय नव्हती, त्यामुळं दोन वर्षांत करंज माणसाच्या डोक्यावरून गेले आणि शिरीषांनी रस्त्यावर सावली धरली. कुंपणाच्या मेंदीचा वास संध्याकाळी साऱ्या कॉलनीभर पसरायचा. एकेका झाडाला छबूबाईच्या हातचं पाणी होतं. कुठलं रोप शेळीनं खाल्लं, कुठलं तिनं बाभळीचे काटे लावून जगवलं, सगळं तिला तोंडपाठ होतं.

त्याच दिवसांत तिची कुसुमताईशी गट्टी जमली. कुसुमताई म्हणजे कारखान्यातल्या एका फोरमनची बायको, बार्शीकडची. नवरा शिफ्टला, मुलगी इंद्रायणी शाळेत, आणि ही घरात एकटी. एके दिवशी संध्याकाळी पदर सावरत दारात उभी राहून म्हणाली, ‘‘छबूबाई, तुमचं पाणी घालून झालं की मला जरा फिरवून आणता का?’’

‘‘कुटं जायाचंय?’’

‘‘कुठं नाही. नुसतं फिरायला.’’

छबूबाईला हसूच आवरेना. काम नाही, बाजार नाही, देव नाही, आणि बाई नुसती चालणार! पण गेली. कुसुमताईचं माहेर म्हणजे रणरणतं ऊन, सासर म्हणजे अंधारं माजघर. बाईमाणसानं सावलीच्या रस्त्यानं हात हलवत चालायचं असतं, हे तिला पस्तिसाव्या वर्षी कळत होतं. ती प्रत्येक झाडाशी थांबायची आणि प्रत्येक फुलाचा वास घ्यायची. छबूबाई तिला सांगायची, ‘‘ही टाकी हाय न्हवं, हितं आमची हीर हुती. गोडं पानी. आन ह्यो तुमचा पोष्टाचा डबा हाय, हितं माझी सासू मिरच्या लावायची.’’ कुसुमताई म्हणायची, ‘‘अगं बाई! म्हणजे मी रोज तुमच्या मिरच्यांत पत्रं टाकते की!’’ आणि दोघी खिदळायच्या. फेरी संपायची ती चिंचेपाशी. मारुतराव उठून उभा राहायचा, कुसुमताईला म्हणायचा, ‘‘या पावणं. औंदा जवारी बरी हाय.’’ कुसुमताई पटांगणाकडं बघून म्हणायची, ‘‘हो ना, छान आहे.’’ तिच्या या एका वाक्यासाठी छबूबाई तिच्यावर जीव ओवाळून टाकायला तयार होती.

पण चिंच म्हटली की पोरं आलीच. सत्तावन्नच्या थंडीत चिंचा गाभुळल्या आणि शाळा सुटली की दगडांचा पाऊस सुरू झाला. एकदोन दगड मारुतरावाला लागले. तो उठून अंगावर धावला, तसं पोरांना आणखी चेव आला. ‘‘ए खुळ्या, ए खुळ्या,’’ करून त्याच्याभोवती नाचायला लागली. एके दिवशी छबूबाई आली तर त्याच्या भुवईतून रक्त ओघळत होतं, आणि तो पंचानं ते पुसत राहिला होता. म्हणाला, ‘‘पाखरं लई झाल्यात गं.’’

छबूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पोरांना शिव्या देऊन झाल्या, मास्तरांना सांगून झालं, कशाचा म्हणून उपयोग नाही. शेवटी तिनं आपल्या परीनं बंदोबस्त केला. एका दुपारी पोरांना जमवलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, ‘‘पोरांनो, ह्या चिंचंवर हडळ हाय. बाळंतपनात गेलेली, उलट्या पावलांची. आमचं ह्ये हितं बसत्यात म्हनून ती गप हाय. ह्यांना धक्का लावाल, तर ती खाली उतरंल.’’ पोरांची पाचावर धारण बसली. तरी एकदोघं बेरकी निघाली, म्हणाली, खोटं सांगतेस. तेव्हा अवसेच्या दिवशी पहाटे कामावर येताना छबूबाईनं बुंध्याशी कुंकू लावलेलं लिंबू ठेवलं, आणि शेजारी आपल्याच फुटक्या हिरव्या बांगडीचे दोन तुकडे टाकले. झालं! त्या दिवसापासून दगड बंद. मारुतराव निवांत बसायला लागला. पुढच्या अवसेलाही तिनं तेच केलं, आणि मनात स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

ती काय करून बसली होती, ते तिला महिन्याभरानं कळलं.

कुसुमताईची इंद्रायणी आठ वर्षांची, मोठी धीट. मैत्रिणींनी पैज लावली म्हणून ती चिंचेखाली गेली आणि बांगडीचा तुकडा उचलून घरी घेऊन आली. त्याच संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरला. ताप कशाचा होता ते डॉक्टरांनी सांगितलं, औषध दिलं, पाच-सहा दिवसांत पोर उठून खेळायलाही लागली. पण त्या दिवसांत ती तापात बरळली, ‘‘उलट्या पायांची बाई आली.’’ आईच्या काळजाचं पाणी व्हायला आणखी काय लागतं? आधी शेजारणीला कळलं, मग साऱ्या रस्त्याला कळलं. बायका संध्याकाळी त्या रस्त्यानं फिरकेनात. शाळेला पोरं लांबच्या रस्त्यानं जायला लागली. पुढं हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनी तिथल्या तिथं अर्ज लिहिला, की झाड धोक्याचं आहे, फांद्या विजेच्या तारांना लागतात, तरी ते तोडावं. तारांचं आपलं निमित्त. पहिली सही कुसुमताईची होती.

छबूबाईला हे कळलं. झारी रस्त्यात टाकून ती कुसुमताईच्या मागच्या दारी गेली.

‘‘ताई, सही मागारी घ्या. झाडात काय बी न्हाई. म्या रचून सांगितलं. पोरं ह्यांना दगडं मारायची, म्हनून.’’

‘‘आणि ते लिंबू? त्या बांगड्या?’’

‘‘त्ये बी म्याच ठिवलं. माझ्या हातानं. देवाशपथ सांगती, ताई.’’

तिला वाटलं, आता ताई हसेल. निदान रागावेल, चार शब्द बोलेल, आणि मग मिटेल. कुसुमताई हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तिनं हातानं मागं चाचपून दाराची कडी धरली.

‘‘म्हणजे करणी तू केलीस?’’

दोन वर्षांत कुसुमताईनं तिला कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं.

‘‘करनी न्हवं ओ! भ्या दाखवायला...’’

‘‘अवसेला, कुंकवाचं लिंबू, फुटक्या बांगड्या. ते माझ्या पोरीनं उचललं. छबू, माझ्या घरचा चहा प्यालीस ना गं तू? माझ्या पोरीला मांडीवर घेतलंस ना?’’

छबूबाई पायांवर पडली, रडली, सतरांदा तेच तेच सांगितलं. पण जितकं सांगावं तितकं ते उलटंच पडत होतं. तिनं लिंबू ठेवलं होतं, कुंकू लावलं होतं, दिवस अवसेचा होता. मग करणी म्हणतात तरी आणखी कशाला? कुसुमताई काही दुष्ट नव्हती. भ्यालेली होती, आणि भ्यालेल्या आईपुढं शहाणपण चालत नाही. शेवटी ती म्हणाली, ‘‘मी कुणाला सांगणार नाही. सांगितलं तर तुला आजच्या आज हाकलतील, आणि त्या म्हाताऱ्याला कोण बघणार? पण झाड जाऊ दे. मध्ये येऊ नकोस. मध्ये आलीस, तर सगळ्या कॉलनीला सांगेन.’’

आणि दार लावून घेतलं.

खरी परीक्षा पुढंच होती. अर्ज हिंदुरावांकडं आला आणि ते वाचून माणूस संतापला. कॉलनीत जुनं झाड म्हणून हे एकच. त्यांनी बायकांना चिंचेपाशी बोलावलं. आठ-दहा बायका आल्या, कुसुमताई पुढं. झाडाखाली मारुतराव खड्यांची रांग लावत बसला होता. हिंदुरावांनी छबूबाईला हाक मारली.

‘‘छबूबाई, तुम्ही गावच्या. हे रान तुमचं होतं. ह्या झाडाखाली तुमचा जन्म गेला. ह्या सगळ्यांच्या समोर सांगा, झाडात काही आहे का? तुम्ही नाही म्हणा, मी हा अर्ज इथंच फाडतो.’’

एक शब्द. ‘न्हाई’ एवढाच. आयुष्यात हजार वेळा उच्चारलेला. छबूबाईनं कुसुमताईकडं बघितलं. कुसुमताई तिच्याकडंच बघत होती, आणि तिचे ओठ हलायला अगदी तयार होते. छबूबाईच्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं. ‘चेटकीण’ म्हणतील. काम जाईल. गावातही तोंड दाखवायला जागा उरायची नाही. उद्याची भाकरी कुठून आणायची, आणि ह्या माणसाच्या तोंडात काय घालायचं? तिनं मारुतरावाकडं बघितलं. तो मान वर करून हसत होता.

छबूबाईनं मान खाली घातली. तोंडातून शब्द काढला नाही.

‘‘बोला की,’’ हिंदुराव म्हणाले. फाडायच्या तयारीनं त्यांनी अर्ज दोन्ही हातांत धरला. मग खचल्यासारखे म्हणाले, ‘‘म्हणजे गावच्या माणसालाच खात्री नाही. मग मी कुणासाठी भांडू?’’ आणि अर्जाची घडी खिशात घालून निघून गेले.

माणूस स्वतःला काय काय समजावतो बघा. छबूबाईनं समजावलं, की झाड गेलं तरी नोकरी राहील, नोकरी राहिली तर आपण ह्यांना सांभाळू. हाताला धरून फिरवू. सवय होईल हळूहळू.

पौष संपता संपता चिंच पडली. गावातला एक माणूस कुऱ्हाड लावायला तयार होईना, म्हणून ठेकेदारानं बाहेरगावची माणसं आणली. त्या दोन दिवसांत छबूबाईनं मारुतरावाला भावकीतल्या घरी बसवून ठेवलं. फांद्या ओढायला बागेच्या बायकांना लावलं होतं, त्यांत तीही होती. अर्ध्या पिकल्या चिंचा पायाखाली चिरडत होत्या. एकाही बाईनं एक चिंच उचलली नाही.

तिसऱ्या दिवशी मारुतराव घोंगडी घेऊन निघाला. छबूबाई त्याच्या शेजारून चालली. करंजाच्या रस्त्यापाशी तो थबकला, मान वर केली, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. नुसतं आभाळ. मग चार पावलं पुढं, दोन मागं, असं करत तो बुंध्याच्या थोटकावरून पुढं निघून गेला. त्याला ते थोटूक दिसलंच नाही. छबूबाईनं हात धरून त्याला एका गुलमोहराखाली बसवलं. ‘‘हितं बसा. ह्येच आपलं रान.’’ तो बसला, लगेच उठला. तिच्या तोंडाकडं निरखून बघत म्हणाला, ‘‘बाई, चिंचंच्या रानाची वाट कंची वो?’’

तिला वाटलं, काळजात कुणी सुरी खुपसली. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला कधी ‘बाई’ म्हटलं नव्हतं. झाड होतं तोवर संध्याकाळी झाडापाशी येणारी ती त्याची होती. झाड गेलं तशी तीही त्याच्या डोक्यातून गेली.

सहा दिवस तिनं त्याला बरोबर घेऊन पाणी घातलं. एका हातात झारी आणि दुसऱ्या हातात त्याचं मनगट. तो मुकाट्यानं चालायचा. रस्त्यात जो भेटेल त्याला चिंचेची वाट विचारायचा. लोक बाजूला सरायचे. सातव्या दिवशी नळावर झारी भरताना दोन्ही हात लागले म्हणून तिनं त्याचं मनगट सोडलं. झारी भरून मागं वळून बघते, तर मारुतराव नाही.

मग तिनं कॉलनी पालथी घातली. करंज, शिरीष, गुलमोहर, बकुळ, एकूण एक रस्ता. स्वतःच्या हातानं वाढवलेल्या त्या झाडांनी आता अशी दाटी केली होती की लांबवरचा माणूस दिसेना. पळता पळता ती झाडांनाच शिव्या घालत होती. दारोदार विचारलं. कुसुमताईच्या दारापाशी जाऊन मात्र परत फिरली. गावातली माणसं रेल्वेच्या रुळांनी दापोडीपर्यंत जाऊन आली, नदीचे डोह बघून आली. थंडी अशी पडली होती की सकाळी गवत पांढरं दिसायचं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, ताथवड्याच्या शिवारात एक म्हातारा आहे. ‘आहे’ म्हणाले, म्हणून छबूबाई नदी ओलांडून जवळजवळ धावतच गेली. भावकीतले दोघं मागं. रान सुभद्राबाई नावाच्या एका विधवेचं होतं. बांधावर चिंच होती, तशीच जुनी, तशीच मोठी. खाली मारुतराव बुंध्याला पाठ लावून बसला होता, अंगावर दोन घोंगड्या, आणि पुढ्यात खड्यांची सरळ रांग. छबूबाईनं खांद्याला हात लावला. अंग गार होतं.

सुभद्राबाई पदर तोंडाला लावून सांगत होती, ‘‘परवा सांजचं आलं. म्हनलं, बाबा, कुटलं तुमी? तर म्हनं, माझंच रान हाय, राखन करतुया. म्हनलं, आसंल, म्हातारं मानूस हाय. भाकरी दिली, घोंगडी दिली. घरात चला म्हनून हात जोडलं बया, पर उठंनात. म्हनाले, आमची कारभारीन यायची हाय. ती आली की तिच्यासंगं जाईन. काल दिसभर बी त्येच. आज सकाळी चहा घिऊन आले, तर ह्ये आसं.’’

छबूबाईनं त्याच्या पंचाची गाठ सोडली. आत गाभुळलेल्या चिंचा होत्या, चांगल्या निवडून, माती पुसून ठेवलेल्या. ‘‘आले वो मी,’’ ती म्हणाली. ‘‘आले. चला आता, दिवस बुडाला.’’ आणि ती जी ओरडली, ते पलीकडच्या रानातल्या माणसांनी ऐकलं.

दिवस घातले, आणि चौदाव्या दिवशी ती कामावर गेली. पहिली गेली ती हिंदुरावांकडं.

‘‘सायेब, झाडात काय बी नव्हतं.’’

हिंदुरावांनी कागदांतून मान वर केली. ‘‘मग त्या दिवशी...’’ म्हणाले. उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘आणखी चार दिवस घरी राहा, छबूबाई.’’

चिंचेच्या थोटकाशेजारी त्यांनी एक शिरीषाचं रोप लावलं. ते छबूबाईच्याच पाळीत आलं.

आता तो रस्ता कॉलनीत सगळ्यांत देखणा आहे. पुण्याहून पाहुणे आले की लोक त्यांना मुद्दाम तिकडं फिरायला नेतात. संध्याकाळी मुली सायकल शिकतात, नव्या नवऱ्या जोडीनं चालतात, कुसुमताईही कधी इंद्रायणीचा हात धरून जाते. पण झारीची कडी कुरकुरली की रस्ता रिकामा व्हायला लागतो. आया पोरांना आत ओढतात. झाड पडल्यावर हडळीला जागा उरली नाही, ती माळीणबाईच्या अंगात शिरली, आधी नवरा खाल्ला, असं आता सगळे म्हणतात. पोरंही तिला दगड मारत नाहीत. भितात.

छबूबाई शिरीषाला पाणी घालते. झारी रिकामी झाली तरी तिथंच उभी राहते, थोटकाकडं तोंड करून, मान ताठ करून. आणि आठ-दहा बायका समोर असाव्यात, एक साहेब असावा, अशा मोठ्या, स्वच्छ आवाजात सांगते, ‘‘न्हाई सायेब. झाडात काय बी न्हाई. म्या गावची हाय, मला ठावं हाय. अर्ज फाडा.’’

मग थांबते, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगते. घराघरांतून कड्या लागल्याचे आवाज येतात.